कॉमिकचा ‘पहिला अंक’ भेटला? पैसे विचारायच्या आधी हे क्रमाने तपासा

दिवाळीची साफसफाई झाली की मला फोटो यायला लागतात. कव्हरचा एकच फोटो, तोही तिरपा, वर ट्यूबलाइटची चमक आलेली, आणि खाली मेसेज, “भो, एक नंबरचा अंक भेटला, किती येतील?” जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, सगळीकडून येतात. बहुतेक वेळा तो पहिला अंक नसतोच, आणि क्वचित खरंच असतो तेव्हा मेसेज यायच्या आधीच त्याला ओल्या फडक्याने पुसून, कण्याला सेलोटेप मारून, नाहीतर दुकानात नेऊन लॅमिनेट करून मोकळे झालेले असतात. हे बघून खरंच जीव तुटतो.

म्हणून सगळं एकदाच क्रमाने लिहितोय. क्रम यासाठी की पुसणं आधी आणि तपासणं नंतर केलं तर तपासायचा पुरावाच निघून जातो.

आधी एक गोष्ट कागदावर लिहा: ‘पहिला’ म्हणजे कुठला पहिला?

निम्मा घोळ इथेच होतो. पहिला अंक म्हटलं की चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: मालिकेचा पहिला अंक, एखादं पात्र पहिल्यांदा आलं तो अंक, मराठीत (किंवा हिंदीत) पहिल्यांदा निघालेला अंक, आणि त्याच अंकाची पहिली छपाई. या चार गोष्टी एकाच अंकात जुळून येतात असं फार कमी वेळा होतं.

स्पायडर-मॅनचं बघा, तो पहिल्यांदा आला ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ मध्ये, आणि त्याच्या स्वतःच्या नावाची मालिका एक नंबरपासून सुरू झाली ती मार्च १९६३ ला. बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक २७ मध्ये आला, ‘बॅटमॅन’ अंक १ नंतर १९४० चा. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ ला वेताळापासून (म्हणजे इंग्रजीतला फँटम) सुरू झाली पण आबिद सुरतींचा बहादूर त्यात आला डिसेंबर १९७६ ला, म्हणजे बहादूरचा पहिला अंक हा इंद्रजालचा पहिला अंक असूच शकत नाही. चाचा चौधरी तर १९७१ ला ‘लोटपोट’ मासिकात आले आणि डायमंड कॉमिक्सची पुस्तकं त्याच्या कितीतरी नंतरची. त्यामुळे डायमंडचं चाचा चौधरीचं कितीही जुनं पुस्तक हातात आलं तरी ते पात्राचं पहिलं दर्शन नाही.

वहीत वरती लिहा, “माझा दावा असा आहे की हा अंक अमक्या अर्थाने पहिला आहे.” पुढचं सगळं तपासणं त्या एका वाक्यासाठी आहे.

तयारी

लागणारं सामान घरातच मिळतं. एक स्वच्छ कोरडा टेबल, त्यावर पांढरी चादर. मऊ कोरडा ब्रश, मेकअपचा नवीन ब्रश चालतो. भिंग, घड्याळजी वापरतात ते असेल तर उत्तमच. सहा इंची नाही तर बारा इंची पट्टी. पेन नको, पेन्सिल. शंभर पानी वही. आणि जमलं तर नोटा तपासायचा निळा दिवा, किराणा दुकानात असतो तो, एक दिवस मागून आणा.

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. तेल, तंबाखू, शेवभाजीचा हात अजिबात नको, जुन्या रद्दी कागदावर तेलाचा डाग पडला की तो कायमचा. हातमोज्यांची गरज नाही, उलट कापडी मोज्यात बोटाला कागद समजत नाही आणि कोपरा फाटतो.

> थांबा: पंखा बंद करा. चहाचा कप दुसऱ्या खोलीत. मे महिन्यात हे काम करत असाल तर सकाळी नऊच्या आत करा, दुपारी हाताला घाम असतो आणि कूलरसमोर बसून जुने अंक उघडणं म्हणजे त्यांना ओल पाजणं.

१. गठ्ठा सोडवणं

आपल्याकडे जुने अंक येतात ते तीन वाटांनी: रद्दीवाल्याकडून, बंद पडलेल्या भाड्याच्या लायब्ररीतून, आणि धाब्याच्या घराच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून. तिन्हीकडे अंक सुतळीने करकचून बांधलेले असतात. सुतळी ओढून काढू नका, कात्रीने कापा, नाहीतर वरच्या आणि खालच्या अंकाच्या कडांना खाच पडते, आणि पुष्कळदा चांगला अंक नेमका वरचाच असतो.

एकमेकांना चिकटलेले अंक असतील तर ओढाताण नको. ते बाजूला ठेवा, सावलीत, चारपाच दिवस तसेच. कोरडे झाले की काही आपोआप सुटतात. जे सुटत नाहीत ते तसेच राहू द्या, चिकटलेला पण शाबूत अंक परवडला, कव्हर निम्मं दुसऱ्याला चिकटून राहिलेला अंक नको.

पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तोंडाला फडकं बांधा आणि तो अंक लगेच वेगळ्या खोलीत न्या. कसर किंवा वाळवी दिसली तर अख्खा गठ्ठा घराबाहेर, ओसरीवर. मी एकदा हे न करता गठ्ठा सरळ माझ्या कपाटाशेजारी ठेवला होता, दोन महिन्यांनी बघतो तर माझे स्वतःचे लहानपणचे बारा अंक कसरीने चाळणी केलेले. बाबा भुसावळ स्टेशनवरून आणायचे ते अंक होते ते.

२. फोटो, पुसायच्या आधी

प्रत्येक अंकाचे निदान सहा फोटो: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, कव्हरच्या आतल्या दोन्ही बाजू, पहिलं पान, आणि मधलं पान पिनांसकट. सगळे फोटो वरून सरळ, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. त्याशिवाय जिथे बारीक अक्षरात काही छापलंय तिथला जवळून एक.

फोटो झाल्यावर वहीत नोंद: अंकाला तुमचा स्वतःचा नंबर द्या (ख-१, ख-२ असा), अंकावर काही लिहू नका, पेन्सिलनेही नाही. लांबी-रुंदी इंचात मोजून लिहा. शिक्के, सह्या, किमतीवर चिकटवलेले कागद, जे असेल ते जसंच्या तसं.

> थांबा: गंजलेल्या पिना काढू नका. “नवीन पिन मारून देतो” म्हणणारे भेटतील. मूळ पिनेचं भोक आणि गंजाचा डाग एकमेकांशी जुळतात, तो अंक उघडून परत शिवलेला नाही याचा तो पुरावा असतो.

३. पानं मोजा, नंबर नाही, कागद मोजा

मधे पिन मारलेल्या अंकात एक मोठा कागद दुमडून चार पानं होतात. म्हणजे कव्हर सोडून ३२ पानांचा अंक असेल तर आत ८ कागद पाहिजेत. मधोमध उघडा, दोन्ही बाजूंना सारखे कागद आहेत का ते मोजा. एका बाजूला एक कमी असेल तर दुसऱ्या बाजूचं पान सुटं आहे किंवा कुणीतरी चिकटवलंय.

सगळ्यात जास्त गळतो तो मधला कागद, कारण पिन सैल झाली की तोच निसटतो. गोष्ट वाचून बघा, मधे उडी मारते का. पोरांनी कुपन कापून पाठवलेली असतात, मागच्या बाजूला कोडं सोडवलेलं असतं, तेही लिहा.

आणि खानदेशातली एक खास अडचण म्हणजे बाइंडिंग. भाड्याने पुस्तकं देणारे दहा-दहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा घालायचे, आणि शिवल्यावर तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचे. मग अंक वरून-खालून पाव इंच लहान होतो, कधी कव्हरवरची किंमत किंवा तारीख अर्धी कापली जाते. म्हणून मघाशी इंच मोजायला सांगितले. बाइंडिंगमधला अंक पहिला असू शकतो, नक्कीच असू शकतो, पण बाइंडिंग तुम्ही सोडवू नका. मी अमळनेरला एकाकडे सोडवायला दिलं होतं, त्याने कण्याचा डिंक सुरीने खरवडला आणि चार अंकांची पहिली पानं त्या सुरीबरोबर गेली.

४. छापील ओळ वाचा, कव्हर नाही

आता खरा तपास. कव्हर बाजूला ठेवा. कव्हर हे विकण्यासाठी असतं, पुनर्मुद्रण करताना ते जसंच्या तसं परत छापतात. खरी माहिती असते ती बारीक अक्षरांच्या ओळीत. आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने छापणाऱ्याचं नाव, छापण्याचं ठिकाण, प्रकाशक हे सगळं अंकावर देणं बंधनकारक होतं, त्यामुळे “अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले” अशी ओळ कुठेतरी असतेच. शोधायच्या जागा: कव्हरची आतली बाजू, शेवटच्या पानाचा तळ, मागच्या कव्हरचा तळ. अमेरिकन अंकात ती पहिल्या पानाच्या तळाशी किंवा कव्हरच्या आत असते, मुंगीएवढ्या अक्षरात.

या ओळीतून हे उतरवून घ्या:

- मालिकेचं कायदेशीर नाव (कव्हरवरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं)
- खंड किंवा वर्ष, आणि अंक, दोन्ही
- महिना, साल
- प्रकाशक आणि छापखाना, पत्त्यासकट, एक अक्षर न गाळता
- आवृत्ती किंवा पुनर्मुद्रण असा कुठलाही शब्द

पत्ता पूर्ण उतरवा म्हणतोय ते उगाच नाही, सहाव्या पायरीत त्याच पत्त्यावरून साल काढायचंय.

> तपासा: ओळीतला महिना आणि कव्हरवरचा महिना एकच आहे का? नसेल तर घाबरू नका, पण लिहून ठेवा. १९३९ च्या ‘मार्व्हल कॉमिक्स’ अंक १ वर मूळ ऑक्टोबर छापलं होतं आणि बहुतेक प्रतींवर त्यावर काळा ठसा मारून नोव्हेंबर केलंय, दोन्ही अस्सल.

अमेरिकन अंकाच्या महिन्याबद्दल अजून एक. कव्हरवरचा महिना हा विक्रीचा महिना नसतो, पुढचा असतो. सुपरमॅनचा पहिला अंक, ‘अॅक्शन कॉमिक्स’ अंक १, कव्हरवर जून १९३८ पण स्टॉलवर आला १८ एप्रिलला. त्यामुळे कुणी सांगितलं की “माझ्या यादीत एप्रिल आहे, तुझ्यावर जून आहे, म्हणजे दुसरी छपाई,” तर तसं नाही.

५. ‘१’ या आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

*खंड आणि अंकाची गल्लत.* इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांना सलग नंबर होते, १, २, ३ असे शेकड्यांनी. नंतर ८० च्या दशकात त्यांनी खंड आणि अंक अशी पद्धत घेतली, वर्ष बदललं की अंक परत १ पासून. म्हणजे “खंड २२, अंक १” असा अंक तुमच्या हातात असेल तर तो १९६४ चा नाही, त्या वर्षातला पहिला आहे एवढंच. मला आलेल्या ‘एक नंबर’च्या फोटोंमध्ये हेच सगळ्यात जास्त असतं. अंकाच्या जोडीला खंडाचा आकडा छापलाय का आणि तो किती आहे, ते आधी बघा.

*एकपासून सुरूच न झालेल्या मालिका.* अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ हा अनंत पैंच्या पौराणिक कथांपैकी पहिला, पण त्याचा नंबर ११ आहे, कारण आधीचे दहा नंबर कन्नडमधल्या परीकथांना गेले होते. नंतरच्या पुनर्मुद्रणात त्याच ‘कृष्ण’ला ५०१ नंबर मिळाला. आता कुणी ११ बघून टाकून देतो आणि कुणी ५०१ बघून “हा तर वेगळाच आहे” म्हणतो. नंबर ११ दिसला तर खूश व्हा पण तिथे थांबू नका, ११ नंबर घालूनही तो बरेच वेळा छापला गेला, त्यातली तुमची छपाई कुठली ते पुढे काढायचंय.

अमेरिकेत तर हा प्रकार भरपूर. तिथे नवीन मालिकेसाठी टपालाची सवलत नव्याने काढावी लागायची, म्हणून प्रकाशक जुन्या मालिकेचाच नंबर पुढे चालवायचे. ‘फ्लॅश’ १९५९ ला परत आला तो थेट १०५ नंबरने. ‘कॅप्टन अमेरिका’ १९६८ ला स्वतःच्या नावाने निघाला तो १०० नंबरने, त्याआधीचे ९९ दुसऱ्याच नावाने होते. हल्क १९६२ ला १ नंबरने आला, सहा अंकांत बंद पडला, आणि १९६८ ला त्याच्या नावाची मालिका परत निघाली ती १०२ पासून. तेव्हा १०२ बघून मधला अंक समजू नका.

*परत परत एकपासून सुरू होणाऱ्या.* याच्या उलट हल्ली नवीन ‘१’ काढायची सवय लागलीय. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक १ असं छापलेले अंक १९६३ चे आहेत, १९९९ चे आहेत, २०१४, २०१५, २०१८, २०२२ चे पण आहेत. ‘अॅक्शन कॉमिक्स’ २०११ ला १ पासून सुरू केली आणि २०१६ ला परत जुन्या मोजणीवर ९५७ ला आणली. पुण्या-मुंबईच्या दुकानातून पोराने आणलेला चकचकीत कागदाचा ‘अंक १’ बघून ज्यांचं काळीज धडधडतं त्यांनी आधी छापील ओळीतलं साल बघावं.

*भारतीय आवृत्त्या.* गोथम कॉमिक्सने अमेरिकन सुपरहिरो आपल्याकडे रुपयात किंमत घालून छापले होते. त्यांचा अंक १ हा त्यांच्या भारतीय मालिकेचा अंक १, अमेरिकन अंकाशी त्याचा नंबर जोडू नका. रुपयात छापलेली किंमत, शिक्का नाही, चिकटवलेली नाही, छापलेली, दिसली की तो भारतीय आवृत्तीचा अंक.

*राज कॉमिक्स.* नागराज १९८६ ला आला, सुपर कमांडो ध्रुव १९८७ ला ‘प्रतिशोध की ज्वाला’मध्ये. पण त्यांचे अंक जनरल मालिकेच्या सलग नंबरात आहेत, कव्हरवर पात्राचा ‘१’ शोधत बसाल तर सापडणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती, मराठी अंकाचा नंबर इंग्रजी किंवा हिंदी यादीशी जुळवू नका. प्रत्येक भाषेची यादी वेगळी धरा, त्या भाषेतला अंक त्याच भाषेतल्या दुसऱ्या प्रतीशी जुळवा.

६. साल छापलेलं नाही? पुराव्याने बसवा

आपल्याकडच्या कितीतरी अंकांवर साल नसतं, किंवा पहिल्या छपाईचं साल तसंच ठेवून वीस वर्षांनी परत छापलेलं असतं. मग अंकावरच्या बाकीच्या गोष्टी साल सांगतात. ही पायरी मला स्वतःला सगळ्यात आवडते, यात घाई करू नका.

- पिनकोड. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात “४०० ००१” असेल तर ती छपाई त्याच्या नंतरचीच. आधीच्या पत्त्यात “मुंबई-१” असं असायचं. मात्र पिनकोड नाही म्हणजे १९७२ च्या आधीचाच असं नाही, बरेच जण वर्षानुवर्षं जुनाच पत्ता छापत राहिले.
- शहराचं नाव. बॉम्बेचं अधिकृत मुंबई १९९५ ला झालं, मद्रासचं चेन्नई १९९६ ला. पण मराठीत आपण मुंबईला कायम मुंबईच म्हणत आलोय, त्यामुळे मराठी ओळीतल्या ‘मुंबई’वरून काही ठरत नाही, इंग्रजी ओळ असेल तरच बघा. मद्रास मात्र मराठीतही मद्रासच होतं, म्हणून ‘चांदोबा’सारखं तिकडून येणारं मासिक तपासताना हा मुद्दा उपयोगाचा.
- पैसे. ‘नवे पैसे’ हा शब्द १ जून १९६४ पासून गेला आणि नुसतं ‘पैसे’ राहिलं.
- रुपयाचं चिन्ह. ‘र’ला वर दोन आडव्या रेघा असलेलं चिन्ह जुलै २०१० ला आलं. ते छापलेलं दिसलं की पुढे तपासायची गरजच नाही.
- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख-क्रमांक. तेरा आकडी असेल तर तो सर्रास २००७ पासूनचा, दहा आकडी असेल तर साधारण त्याआधीचा.
- प्रकाशकाचं नाव. अमर चित्र कथेवर इंडिया बुक हाउस असेल तर जुनी, एसीके मीडिया असेल तर २००७ नंतरची.
- बारकोड. अमेरिकन अंकांवर तो ७० च्या दशकाच्या मध्यापासून यायला लागला. ‘१९६३’च्या अंकाच्या कव्हरवर बारकोड असेल तर सरळ पुनर्मुद्रण.

मग येतात शिक्के, आणि इथे खानदेशवाल्यांचा फायदा आहे. १९६० च्या सुमारास पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. एखाद्या वाचनालयाच्या शिक्क्यात “शहादा, जि. धुळे” असेल तर तो शिक्का बनवला गेला १९९८ च्या आधी. बनवला गेला म्हणतोय हं, मारला कधी ते वेगळं, जुना रबरी शिक्का लोक झिजेपर्यंत वापरतात. तारखेचा शिक्का असेल, किंवा आतल्या पानावर कुणी “चि. अमक्यास वाढदिवसानिमित्त” म्हणून तारीख घातली असेल तर ते सोन्यासारखं, कारण अंक त्या तारखेच्या नंतर छापलेला असूच शकत नाही.

वहीत दोन रकाने करा: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. पिनकोड, चिन्ह, आयएसबीएन पहिल्या रकान्यात जातात. तारखेचा शिक्का आणि तारीख घातलेली सही दुसऱ्या रकान्यात. दोन्हीच्या मधे जे उरतं तेवढंच तुमचं साल, त्यापेक्षा नेमकं सांगायचा मोह आवरा.

> तपासा: एकही पुरावा बाकीच्यांच्या विरोधात जातोय का? एक जरी जात असेल तरी तो खोडून पुढे जाऊ नका. कव्हर एका अंकाचं आणि आतलं दुसऱ्याचं, असे जोडलेले अंक असतात.

७. मूळ छपाई की नक्कल

आता कागद बघा. जुन्या अंकाचा कागद कडांना जास्त पिवळा आणि आतल्या बाजूला कमी असतो, कारण हवा आणि उजेड कडेने शिरतो. सगळं पान मधोमधपर्यंत एकसारखं चहाच्या रंगाचं असेल तर संशय घ्या.

भिंगातून रंग बघा. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके सुटे आणि काठाला स्वच्छ दिसतात. स्कॅन करून परत छापलेल्या प्रतीत त्या ठिपक्यांवर दुसरे बारीक ठिपके चढलेले असतात, काळी रेघ पण नीट काळी नसते, रंगीत कणांची बनलेली दिसते. सगळ्यात सोपं म्हणजे अक्षरं बघा, मूळ अंकात ती धारदार असतात.

निळा दिवा अंधारात मारा. कागद उजळवणारी रसायनं साधारण १९५० च्या आसपासपासून कागदात यायला लागली, त्यामुळे १९३८-४० चा म्हणून दाखवलेला अंक दिव्याखाली निळा-पांढरा झगझगत असेल तर तो तेव्हाचा नाही. ६० नंतरच्या अंकाला ही कसोटी फारशी लागू पडत नाही.

आकार. १९७४ ला डीसीने (सुपरमॅनच्या प्रकाशकाने) ‘अॅक्शन कॉमिक्स’ अंक १ ची मोठ्या आकाराची प्रत काढली होती, आत हुबेहूब जुनी जाहिरातीसकट, फक्त बाहेर एक जाड कव्हर जास्तीचं. ते बाहेरचं कव्हर काढून आतलं मूळ म्हणून विकायचा उद्योग तेव्हापासून चालू आहे. पट्टी लावली की लगेच कळतं, ती प्रत दहा इंचांच्या आसपास रुंद आणि तेरा इंचांहून उंच आहे, मूळ अंक पावणेआठ बाय साडेदहाच्या आसपास. हल्ली ‘फॅक्सिमिली’ म्हणून ज्या प्रती निघतात त्यातही जुनी किंमत, जुन्या जाहिराती सगळं तसंच असतं, पण छापील ओळीत आताचं साल असतं. परत चौथी पायरी.

दुसरी छपाई ही नक्कल नाही, पण पहिली पण नाही. १९८४ च्या ‘निन्जा टर्टल्स’ अंक १ ची पहिली छपाई फक्त सुमारे तीन हजार होती, मग त्याच वर्षी मागणीमुळे दुसरी निघाली. दोन्ही जुन्या, दोन्ही अस्सल, तरी पहिली एकच. उलट १९९१ चा ‘एक्स-मेन’ अंक १ पाच वेगवेगळ्या कव्हरांत मिळून ऐंशी लाखांच्या वर छापला गेला, तो शंभर टक्के पहिली छपाई असला तरी दुर्मिळ नाही. हे पोरांना आधीच सांगून टाका.

८. दुसऱ्या प्रतीशी जुळवणी

इथवर आलात की मगच दुसऱ्याला विचारा. आणि विचारताना कव्हर नका पाठवू, छापील ओळीचा फोटो, मागचं कव्हर, आणि आतल्या जाहिरातीचं एक पान पाठवा. जाहिराती का? कारण गोष्ट परत छापताना तीच राहते पण जाहिराती बदलतात. दोन प्रतींच्या मागच्या कव्हरवर वेगळ्या जाहिराती असतील तर छपाया बहुधा वेगळ्या.

जुळवताना एकाच व्यक्तीच्या शब्दावर थांबू नका, विशेषतः तोच अंक विकत घ्यायला उत्सुक असेल तर. दोन प्रती समोरासमोर ठेवता आल्या तर एका तासात सगळं निकाली निघतं.

९. ठेवणं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. कागदाला दोन्ही वाईट. म्हणून पत्र्याखालचा माळा बाद, गच्चीवरची खोली बाद, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट बाद. घराच्या मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, खालचा खण सोडून, भिंतीपासून चार बोटं लांब.

पिशवी कुठली? नवीन शर्ट ज्या कडक, कुरकुर वाजणाऱ्या पारदर्शक पिशवीत येतो तसली चालते, ती पॉलिप्रॉपिलिनची असते. मऊ, हाताला चिकटणारी, उग्र वास येणारी पिशवी नको, ती पीव्हीसी असते आणि काही वर्षांत कव्हरची शाई ओढून घेते. मागे आधाराला अॅसिडविरहित पुठ्ठा घाला, खोक्याचा तपकिरी पुठ्ठा कागद पिवळा करतो. नसेल मिळत तर नुसती पिशवी बरी.

अंक उभे ठेवा, दाटीवाटी नको, वाकू पण देऊ नका. डांबराच्या गोळ्या अंकांजवळ ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

> थांबा: लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक, इस्त्री, ओलं फडकं, यातलं काहीही परत काढता येत नाही. धूळ असेल तर कोरडा ब्रश, कण्यापासून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने, एवढंच.

१०. आणि मग किंमत

आता विचारा. पण तुमच्याकडे कव्हरच्या एका फोटोऐवजी काय आहे बघा: कुठल्या अर्थाने पहिला तो दावा, छापील ओळ, कागदांची मोजणी, दोन रकान्यांचं साल, कागदाची तपासणी, आणि दुसऱ्या प्रतीशी जुळवणी. घेणारा जाणकार असेल तर याच सहा गोष्टी विचारतो, आणि नसेल तर त्याला द्यायची घाई काय आहे.

दर सांगताना कमतरता आधी सांगा. कटिंग झालंय, मधला कागद सुटा आहे, कुपन कापलंय, सगळं फोटोसकट. पाठवायचा झाला तर पिशवीतला अंक दोन ताठ पुठ्ठ्यांमधे, कोपऱ्यांना चिकटपट्टी पुठ्ठ्यावर, अंकावर नाही, वरून प्लॅस्टिक, आणि पावसाळ्यात शक्यतो पाठवूच नका, दसऱ्यापर्यंत थांबा. विकायचा नसेल तर दर वर्षी मृगाच्या आधी एकदा कपाट उघडून प्रत्येक पिशवी उजेडात धरून बघा, पुड्या बदला, आणि वहीत तारीख टाका.